चित्रफितीवरचे हवाई

साशंक : हवाई बेटांवर चलच्चित्राचा कॅमेरा १८९८ च्या मे महिन्यात उतरला, आणि त्याने तेथे काय टिपले हे पाहिले म्हणजे पुढे निघालेल्या पुष्कळशा अनुबोधपटांचा स्वभाव आरंभीच कसा ठरून गेला होता ते ध्यानात येते. एडिसनच्या कंपनीचे छायाचित्रकार पूर्वेकडील देशांच्या सफरीहून परतताना होनोलुलूच्या बंदरात थोडा वेळ थांबले, आणि उतारूंनी पाण्यात फेकलेली नाणी बुडी मारून वर आणणारी स्थानिक मुले त्यांनी चित्रित केली. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेच्या संसदेने ठराव करून ती बेटे खालसा केली. राणी लिलिउओकलानीचे राज्य उलथून टाकणाऱ्या मंडळींनी पाच वर्षे जी खटपट चालवली होती तिला अशा रीतीने यश आले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध होता असे मी म्हणत नाही. तथापि नाणे फेकणारा वर, ते घेण्यासाठी बुडी मारणारा खाली, आणि कॅमेरा नाणे फेकणाऱ्याच्या बाजूला, ही जी रचना त्या दिवशी बसली ती नंतर फारशी मोडली नाही. अनुबोधपटाला इंग्रजीत जे नाव रूढ झाले ते जॉन ग्रिअरसनने १९२६ साली रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या ‘मोआना’वर लिहिताना वापरले, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. तो पट हवाईचा नव्हे, त्याच महासागरातील समोआचा. पण त्यासाठी तेथील माणसांनी अंगावरचे नित्याचे कपडे उतरवून वाडवडिलांची वल्कले नेसली, आणि मागे पडत चाललेला गोंदवून घेण्याचा वेदनामय विधी कॅमेऱ्यापुढे नव्याने पार पाडला. पुढे १९३७ साली वायकीकीला कोडॅक कंपनीच्या नावाने हुला नृत्याचा जो खेळ सुरू झाला तो दिवसाउजेडी होई, कारण रात्रीच्या दिव्यांत पर्यटकांच्या फिल्मवर चित्र नीट उमटत नसे. तो २००२ पर्यंत चालला. ज्या नृत्यात एका समाजाच्या वंशावळी, स्थलकथा आणि देवतास्तुती गुंफलेल्या आहेत त्याची वेळ फिल्मच्या सोयीने ठरावी, या गोष्टीचे मला अतोनात वाईट वाटते. आणि म्हणून हवाईविषयीचा कोणताही अनुबोधपट पाहताना, येथे सूर्य कोणाच्या सोयीने उभा केला आहे, असा प्रश्न माझ्या मनात प्रथम येतो.

रसिक : आपण सांगितलेला इतिहास खरा आहे; पण तो आपण जेथे थांबवला तेथेच माझ्या मते हवाईच्या अनुबोधपटाचा खरा आरंभ होतो. १९८० साली होनोलुलू बंदरालगतच्या सँड आयलंडवर, एके काळी शहराचा कचरा टाकण्याच्या जागेवर, झोपड्या बांधून मासेमारीवर राहणाऱ्या हवाईयन कुटुंबांना सरकारी हुकमाने बेदखल करण्यात आले. त्या प्रसंगी अटक झालेल्यांपैकी पुहिपाऊ नावाच्या गृहस्थाने पुढे जोन लँडर यांच्याबरोबर ‘ना माका ओ का आइना’, म्हणजे भूमीचे डोळे, या नावाने चित्रीकरण सुरू केले, आणि जवळजवळ तीन दशके ही दोन माणसे खांद्यावर कॅमेरा घेऊन बेटोबेटी हिंडत राहिली. वाइमानालोच्या किनाऱ्यावरून लोकांना उठवले गेले तेथे ती होती. ज्वालामुखीच्या उष्णतेवर वीज काढण्यासाठी पुना येथील अरण्यात विंधणी चालवली गेली, तेव्हा पेले देवीच्या उपासकांची कैफियत त्यांनीच चित्रित केली. माउना केआच्या शिखरावर दुर्बिणींची दाटी वाढू लागली तेव्हाही तीच होती. राज्य गेल्याच्या शताब्दीच्या वर्षी, १९९३ मध्ये, त्यांनी हौनानी-के ट्रॅस्क, लिलिकला कामेएलेइहिवा, जोनाथन ओसोरियो आणि केकुनी ब्लेसडेल या हवाईयन विद्वानांना समोर बसवून ‘ॲक्ट ऑफ वॉर’ हा पट केला. १६ जानेवारी १८९३ रोजी ‘बोस्टन’ या युद्धनौकेवरून १६२ सैनिक होनोलुलूत उतरले, आणि दुसऱ्या दिवशी राणीने रक्तपात टाळण्यासाठी निषेध नोंदवून सत्ता सोडली, ही हकीकत त्या बेटांवरच्या मुलांना शाळेत कित्येक पिढ्या ज्या सुरात सांगितली गेली, त्याहून अगदी वेगळ्या सुरात, ज्यांचे राज्य गेले त्यांच्याच तोंडून ती येथे ऐकू येते. ज्या माणसाला पोलिसांनी उचलून नेले त्यानेच कॅमेरा उचलला. नाणे फेकणाऱ्याच्या बाजूला कॅमेरा असल्याची आपली तक्रार येथे तरी लागू पडत नाही.

साशंक : ती येथे लागू पडत नाही हे मी आनंदाने मान्य करतो, आणि पुहिपाऊ व लँडर यांच्या कष्टांपुढे माझी मान लवते. पण त्या पटांमुळेच माझी दुसरी शंका उद्भवते. अन्यायाची फिर्याद मांडताना जी भाषा लागते ती माणसाच्या जीवनाचा फारच थोडा भाग व्यापू शकते. फिर्यादीत माणूस वादी म्हणून उभा राहतो. तो सकाळी काय खातो, कोणावर रागावतो, कोणत्या गोष्टीचा त्याला कंटाळा येतो, हे दप्तरात नोंदले जात नाही. पर्यटकांसाठी काढलेल्या पटांत हवाईयन माणूस प्राचीन असतो, आणि फिर्यादी पटांत तो पीडित असतो; पहिले चित्र खोटे आणि दुसरे खरे, हा भेद मोठा आहे खरा, परंतु दोन्हींत तो सामान्य असत नाही.

याच्याच जोडीला आणखी एक वगळणूक मला खटकते. हवाईच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात लेखनवाचनाची विद्या ज्या झपाट्याने आत्मसात केली त्याला जगात थोड्याच उपमा सापडतील. १८३४ साली लाहाइनालुनाच्या विद्यालयात त्यांच्या भाषेतील पहिले वृत्तपत्र छापले गेले, आणि १९४८ पर्यंत शंभराहून अधिक नियतकालिकांतून सुमारे सव्वा लाख पाने त्या भाषेत प्रसिद्ध झाली. त्यांत पुराणकथा आहेत, मृत्युलेख आहेत, राजकीय वादविवाद आहेत, शेजाऱ्याच्या गुरांविषयीच्या तक्रारीही आहेत. बेटे खालसा करण्याचा तह होऊ घातला तेव्हा १८९७ साली, मूळ लोकांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास उरली असताना, एकवीस हजारांहून अधिक सह्यांचा विरोध-अर्ज चार प्रतिनिधींनी वॉशिंग्टनला नेला, आणि तो तह संमत होऊ शकला नाही. म्हणून तर पुढे साध्या ठरावाचा आडमार्ग घ्यावा लागला. असा हा लिहिणारा, अर्ज करणारा, सही करणारा समाज. आणि अनुबोधपटांत तो दिसतो तो बहुधा मंत्र म्हणताना, नाचताना, नाव वल्हवताना. वाचणाऱ्या माणसाचे चित्र काढण्यासारखे काही नसते, हे मला कळते. परंतु जे चित्रित करण्याजोगे आहे तेच संस्कृती, असा समज त्यामुळे पसरतो, आणि तो समज सद्भावनेने काढलेल्या पटांनीही पसरवला आहे.

रसिक : वाचणाऱ्या माणसाचे चित्र निघत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तो अर्ज वॉशिंग्टनच्या दप्तरखान्यात जवळजवळ एक शतक पडून होता. नोएनोए सिल्वा या विदुषीने तो उजेडात आणल्यावर त्याच्या प्रती बेटांवर आल्या, आणि माणसे त्यांत आपल्या पणजोबांची, खापरपणजीची सही शोधू लागली. ओळींवरून फिरणारे बोट एका नावापाशी थांबते, हे दृश्य कोणत्याही नृत्याइतके चित्रणीय आहे. ते टिपण्यासाठी दिग्दर्शकाजवळ सवड हवी, इतकेच.

आणि सवडीचीच गोष्ट निघाली आहे तर मी कालोचे उदाहरण देतो. कालो म्हणजे कोकणात परसदारी सांडपाण्यावर वाढते तेच आपले अळू. आपण त्याची पाने मुख्यत्वे खातो, ते लोक कंदावर जगत आले, आणि त्यांच्या कथेप्रमाणे मनुष्याचा थोरला भाऊ हालोआ हा कालोचे रोप होऊन जन्मला. या कंदाचे पोई करण्याची रीत घाईत काढलेल्या पटात अर्ध्या मिनिटात उरकली जाते. पण जेथे कॅमेरा थांबला आहे तेथे पाहा : उकडलेला कंद शिंपल्याच्या कडेने खरवडून सोलला जातो, लाकडाच्या लांब, किंचित खोलगट पाटाशी मांडी घालून बसलेला माणूस दगडी बत्त्याने तो ठेचू लागतो, हात ओला करून बत्त्याच्या बुडाखालून फिरवतो, कारण तसे न केल्यास लगदा दगडाला चिकटतो, पाणी मात्र बेताने, कारण ते जास्त झाले की घट्टपणा जातो आणि मग तो गोळा टिकत नाही. शेजारी बसलेली आजी काही बोलत नाही, पण मुलाने पाणी अधिक घेतले की तिची भुवई हलते. त्या भुवईत परंपरा आहे, आणि नित्याचे जीवनही आहे. प्राचीनता आणि सामान्यपणा यांना आपण ज्या दोन कप्प्यांत घातले ते येथे वेगळे काढता येत नाहीत.

साशंक : आपले वर्णन ऐकताना मी क्षणभर माझी बाजू विसरलो, हे प्रामाणिकपणे सांगतो. परंतु त्या पाटावरच्या कंदाला पाणी कोठून आले, हे त्या चौकटीत दिसत नाही. कालोच्या वाफ्यांतून थंड, वाहते पाणी खेळते राहावे लागते. ओआहू बेटाच्या पावसाळी बाजूचे पाणी १९१६ साली वाइआहोलेच्या बोगद्यातून डोंगरापलीकडे उसाच्या मळ्यांकडे वळवले गेले, आणि अलीकडच्या ओढ्यांतील धार आटली. १९९५ साली तो साखरेचा मळा बंद पडला तेव्हा, आता तरी पाणी मूळ ओढ्यांत परत सोडावे असा अर्ज कालो पिकवणाऱ्यांनी केला. ते प्रकरण वर्षानुवर्षे चालले, आणि २००० साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही लोकांच्या वतीने सांभाळावयाची ठेव आहे असा निर्णय दिला. आजीची भुवई आणि जलखात्याची फाईल यांचा असा प्रत्यक्ष संबंध आहे.

रसिक : वाइआहोलेवरही ‘ना माका’चा पट आहे.

साशंक : आहे, आणि तो त्यांच्या पटांत मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझे म्हणणे असे की नित्याचे जीवन म्हणून जे दाखवायचे ते अशा फायलींनीच पुष्कळसे घडवलेले आहे, आणि त्याचे दर्शन क्वचित घडते. बेटांवर खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी फार मोठा भाग जहाजाने येतो. दोन-दोन नोकऱ्या करूनही घरभाडे भागत नाही, म्हणून एका छपराखाली तीन पिढ्या राहतात. १९२१ च्या कायद्याने मूळ लोकांच्या वसाहतीसाठी सुमारे दोन लाख एकर जमीन राखून ठेवली गेली, पण ती मागणाऱ्याने आपल्या अंगात किमान अर्धे हवाईयन रक्त असल्याचे दाखले आणून सिद्ध केले पाहिजे अशी अट त्याच कायद्याने घातली. आज हजारो अर्जदार प्रतीक्षायादीवर आहेत, आणि कित्येक आपला क्रमांक येण्यापूर्वीच वारले. आजोबांचा जन्मदाखला सापडावा म्हणून कचेरीत रांगेत उभी असलेली नात ही आजच्या हवाईची एक अगदी प्रातिनिधिक व्यक्ती आहे. तिच्यावर पट काढा असे मी कोणाला सांगितले तर, त्यात समुद्र कोठे आहे, असे मला विचारण्यात येईल.

रसिक : तसे विचारणारे आहेत, पण न विचारणारेही आता पुष्कळ झाले आहेत. सिआरा लेसी या हवाईयन दिग्दर्शिकेचा २०१७ चा ‘आउट ऑफ स्टेट’ घ्या. हवाईच्या तुरुंगांत जागा नाही म्हणून तेथील कैदी हजारो कोस दूर ॲरिझोनाच्या वाळवंटातील एका खाजगी तुरुंगात पाठवले जातात. आणि बाहेर असताना ज्यांना आपली भाषा, आपले मंत्र, आपला हुला शिकण्याची संधी लाभली नव्हती असे पुरुष त्या भिंतींच्या आत एकमेकांकडून ते शिकतात. पट तेवढ्यावर थांबत नाही. सुटून आलेल्या माणसांच्या मागोमाग तो घरी जातो. काम मिळत नाही, घरच्यांचा विश्वास बसत नाही, जुने व्यसन पुन्हा हाक मारते, आणि तुरुंगात शिकलेला मंत्र या सगळ्यापुढे कधी पुरा पडतो, कधी पडत नाही. संस्कृती म्हणजे रामबाण औषध, असे त्या दिग्दर्शिकेने कोठेही म्हटलेले नाही. किंवा ॲंथनी बानुआ-सायमनचा ‘केन फायर’ घ्या. १९३४ साली कौआई बेटावर लोइस वेबर या दिग्दर्शिकेने एक बोलपट काढला, त्याच्या जमावात या तरुणाचे पणजोबा उभे होते. तो बोलपट आज नष्ट झाला आहे. पणतू त्याचा शोध घेत निघतो, आणि मळ्यांचे मालक, हॉटेलांचे मालक व स्टुडिओ यांनी मिळून त्या बेटाचे जे रूप घडवले त्याच्या पडद्यामागे गेलेल्या नातेवाइकांपर्यंत जाऊन पोहोचतो. किंवा ‘कुमू हिना’. त्यात होनोलुलूच्या शाळेत हुला शिकवणाऱ्या हिना वाँग-कालू या, पुरुषदेहाने जन्मून स्त्री म्हणून जगणाऱ्या शिक्षिका आहेत, आणि मुलांच्या पथकाचे नेतृत्व करू पाहणारी एक लहान विद्यार्थिनी आहे. मुलग्यांना एक आणि मुलींना दुसरी माळ वाटली जाते, तेव्हा शिक्षिका तिला दोन्ही माळा देते. पण त्याच पटात त्या शिक्षिकेच्या संसारातील कुरबुरी आहेत, नवऱ्याचे रुसवे आहेत. इतके सामान्य, इतके घरगुती चित्रण आपणांस आणखी कोठे हवे आहे?

साशंक : ‘कुमू हिना’ काढणारे दोघेही हवाईयन नव्हते, हे आपण लक्षात घेतले असेलच. मग घराच्या आत जाण्याची परवानगी त्यांना कशी मिळाली, आणि आत गेल्यावर काय न दाखवण्याचे त्यांनी कबूल केले, हा माझा पुढला प्रश्न आहे. कारण जवळीक मिळाली की भीड येते. १९७६ साली होकुलेआ ही दुहेरी नाव होकायंत्राशिवाय ताहितीला गेली; तिच्या सुकाणूचे ज्ञान मायक्रोनेशियातील सातावाल बेटाच्या माऊ पियाइलुग यांचे होते. त्या सफरीत नाविकांमध्ये उघड भांडणे झाली, आणि माऊ इतके व्यथित झाले की ताहितीहून परतीच्या प्रवासाला न थांबता ते निघून गेले. बाहेरून आलेल्या नॅशनल जिऑग्राफिकचा कॅमेरा त्या सफरीवर होता, म्हणून ते मतभेद चित्रफितीवर राहिले. पुढे त्या नावेला जे पावित्र्य लाभले ते योग्यच आहे. पण पावित्र्य लाभलेल्या वस्तूचे चित्र काढताना माणसांची क्षुद्रता वगळावी असे प्रेमाने वागणाऱ्यालाच वाटते, परक्याला नाही. आपल्या माणसांनी आपला पट काढावा हे तत्त्व मला मान्य आहे. त्याबरोबर, न आवडणारे दाखवण्याची मोकळीक कोणी राखावयाची हे मात्र मला कळत नाही.

रसिक : न आवडणारे दाखवण्याची मोकळीक हवाईयनांविषयी बाहेरच्यांनी भरपूर घेतली आहे, आणि त्याचा जाब त्यांना कोणी विचारला नाही. पट पुरा झाल्यावर दिग्दर्शकाला कोणाच्या डोळ्यांना डोळा भिडवावा लागतो, यावर माझ्या मते सारे अवलंबून आहे. ‘कुमू हिना’ काढणारे हॅमर आणि विल्सन पट संपल्यावर निघून गेले नाहीत. पुढे २०२० साली वायकीकीच्या चार उपचारशिळांच्या कथेवर ‘कापाएमाहू’ हा लघुपट झाला तेव्हा हिना स्वतः त्यांच्याबरोबर दिग्दर्शनाला होत्या. नाआलेहू ॲंथनी हे होकुलेआवरचे नाविक. माऊंवरचा पट त्यांनी काढला आणि २००८ साली ‘ओइवी टीव्ही’ ही हवाईयन भाषेतील वाहिनी उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता. ज्या भाषेतून शाळा चालवणे १८९६ च्या कायद्याने बंद झाले त्या भाषेत आज हवामानाची बातमी सांगितली जाते, आणि हवामानाच्या बातमीहून अधिक सामान्य गोष्ट ती कोणती? २०१९ च्या जुलैत माउना केआच्या रस्त्यावर दुर्बिणींना विरोध म्हणून वृद्ध स्त्रीपुरुष बसले आणि त्यांतील तीसहून अधिकांना पोलिसांनी उचलले, तेव्हा बाहेरच्या कॅमेऱ्यांची वाट पाहण्याची गरज कोणाला पडली नाही. त्यांची नातवंडेच चित्रण करीत होती. आता भिडेविषयी. काही मंत्र गुरूने दिल्याशिवाय म्हणावयाचे नाहीत, पूर्वजांच्या अस्थी दाखवावयाच्या नाहीत, काही स्थळांची वाट सांगावयाची नाही, हे तेथील नियम मी दडपणूक मानत नाही. जे राखून ठेवले आहे त्याचाही आदर करणारा पट मला अधिक खरा वाटतो.

साशंक : राखून ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हे सांगा म्हणजे मीही तो मान्य करीन. २०२० च्या खानेसुमारीप्रमाणे स्वतःला मूळ हवाईयन म्हणवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. लास व्हेगासला तर हवाईची माणसे नववे बेट म्हणतात. जे भाड्यामुळे बेट सोडून गेले, ज्यांना भाषा येत नाही, ज्यांनी हुलाच्या शाळेचे तोंड पाहिले नाही, ते आपल्या ‘समुदाया’त आहेत की नाहीत? संमती द्यायला जे समोर येतात ते बहुधा भाषा जाणणारे, विद्यापीठांत शिकलेले, विधी सांभाळणारे लोक असतात. त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांनी पसंत केलेले हवाई आणि लास व्हेगासच्या हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्या माणसाचे हवाई ही निराळी असू शकतात.

रसिक : ती निराळी आहेत, म्हणूनच ‘आउट ऑफ स्टेट’सारख्या पटाची मला महती वाटते. पण आपल्या प्रश्नाला मी एका जागेचे नाव घेऊन उत्तर देतो. माउई बेटावरील लाहाइना हे १८४५ पर्यंत राज्याच्या राजधानीचे गाव. तेथे एका तळ्यात मोकुउला नावाचे लहानसे बेट होते. तिसऱ्या कामेहामेहा राजाचा तेथे निवास होता, आणि त्याची बहीण नाहिएनाएना तेथे चिरनिद्रा घेत होती. उसाच्या मळ्यांनी पाणी वळवल्यावर तळे साचून डबके झाले, १९१४ साली ते माती घालून बुजवले गेले, आणि त्या जागी मुलांना खेळायला मैदान झाले. ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत गाव जळाले, शंभराहून अधिक माणसे गेली. आणि आता तळे पुन्हा वाहते करण्याची इच्छा पुष्कळांच्या मनात आहे. मी पट काढीन तर त्या मातीखालच्या बेटाचा काढीन, कारण शंभर वर्षे ज्याच्यावर पाऊल ठेवून जग चालले त्याचे दर्शन प्रथम घडले पाहिजे.

साशंक : आणि मी काढीन तर त्या मैदानाचाही काढीन. तीन-चार पिढ्या तेथे बेसबॉल खेळल्या. कोणाचा बाप तेथे पहिल्यांदा जिंकला, कोणाची आई कुंपणाशी उभी राहून ओरडली, आणि आपण राजाच्या घरावर धावतो आहोत हे त्यांपैकी बहुतेकांना कोणी सांगितले नव्हते. त्यांची आठवण अपवित्र ठरवून आपले बेट वर आणता येईल. परंतु मग नित्याच्या जीवनाविषयी आपण इतका वेळ जे बोललो ते मागे घ्यावे लागेल. शिवाय त्या खेळणाऱ्यांत हवाईयन मुलांबरोबर मळ्यांवर आलेल्या फिलिपिनो आणि जपानी मजुरांची नातवंडे होती, आणि संमती कोणाची घ्यावयाची याचा हिशेब करताना आपण दोघांनीही त्यांना अजून धरलेलेच नाही.